‘पालिकेचं पाणी शुद्धच असतं’ या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पालिका क्लोरीन घालूनच पाणी सोडते, त्यामुळे इमारतीत ते बिघडत नाही, टाकीतल्या शिळ्या पाण्यापेक्षा लाईनला थेट पंप लावा, बोअर आणि पालिकेची लाईन जोडून मध्ये एक व्हॉल्व्ह टाकला की झालं, बाकीचे नियम म्हणजे प्लंबरची कमाई, आणि आरओ आहेच.

क्लोरीनचं आधी बघू. आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. वाटेत खर्चायला एवढीच शिदोरी. सांडपाणी शिरलं की ती बघता बघता संपते. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागीच नाल्याचं पाणी आलं. क्लोरीन वाढवूनही सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली.

टाकीतलं पाणी साठून राहिलं की क्लोरीन उडतो, हे मेसेजमधलं मात्र खरं. त्यावर उपाय टाकी वेळेवर धुणं आणि गरजेपुरतंच साठवणं हा आहे, थेट पंप नव्हे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी काही तासच येतं. एरवी लाईनमध्ये दाब नसतो, आणि गटाराला खेटून गेलेल्या पाईपाचा सांधा ढिला असेल तर बाहेरचं आत झिरपतं. अशा लाईनला पंप लावणं म्हणजे ती घाण ओढून घेणंच. शेजाऱ्याचं पाणी पळतं ते वेगळंच.

खरा घोळ त्या एका व्हॉल्व्हचा आहे. जुना गेट व्हॉल्व्ह ‘पास’ होतो: चाक घट्ट फिरवलं तरी आत गाळ अडकून फट राहते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या एनआरव्ही व्हॉल्व्हच्या झडपेचंही तेच. पालिकेचा दाब गेला आणि बोअरचा पंप चालू असला, की बोअरचं पाणी पालिकेच्या लाईनीत बिनबोभाट उलटं चढतं. १९३३ साली शिकागोत, जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत, दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात गेलं आणि अमीबाच्या आमांशाने ९८ माणसं दगावली. म्हणून दोन लाईनी जोडायच्याच नाहीत. दोन्ही टाकीत वरून, मोकळ्या हवेतून पडू द्यायच्या. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा, नळीच्या व्यासाच्या दुप्पट तरी उंच. या मोकळ्या जागेत बिघडण्यासारखं काहीच नसतं, आणि तिचे पैसेही पडत नाहीत. प्लंबरची कमाई कुठली?

पाणी असं उलटं जातं हे पटत नसेल तर स्कूटरमधून नळीने पेट्रोल काढलंय का ते आठवा. एकदा ओढलं की पुढे आपोआप येत राहतं. पार्किंगच्या नळाला लावलेली, साबणाच्या बादलीत बुडालेली नळी, किंवा कमोडमध्ये लोंबणारा जेट यांचंही, दाब गेला आणि नळ उघडा राहिला तर, असंच होऊ शकतं.

आरओ? दात घासायला, भाज्या धुवायला कोण वापरतं?

आमच्या इमारतीत मी परवा जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचललं. ओव्हरफ्लोच्या पाईपाला जाळी नव्हती, आत एक मेलेली पाल, आणि हातभरावर ड्रेनेजचा चेंबर. मेसेज आमच्या ग्रुपवर टाकणारे काका शेजारीच उभे होते. त्यांनी लगेच जाळी आणायला माणूस पाठवला. बोअर पालिकेच्या लाईनला जोडणारा बायपास तोडायला मात्र अजून तयार नाहीत.