करवंट्यांची शेगडी आणि लावलेल्या खिडक्या

‘हिवाळ्यात रात्री लाईट गेली? घाबरू नका! डॉक्टर सांगणार नाहीत असे सात घरगुती उपाय’ असा एक मेसेज सध्या आमच्याकडे ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. असले मेसेज मी एरवी न वाचता पुसून टाकते. पण हा माझ्या मावशीनं वाचला, आणि लगेच करवंट्या साठवायला घेतल्या. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. जुळे सोलापुरातला फ्लॅट, सरकत्या काचेच्या घट्ट बसणाऱ्या खिडक्या. बेत असा, की लाईट गेली की खिडक्या लावायच्या, शेगडी बाजेखाली सरकवायची आणि सगळ्यांनी झोपायचं. म्हणून हा खटाटोप.

पहिला उपाय: ‘करवंटीच्या कोळशाला धूर नसतो, त्यामुळे बंद खोलीतही शेगडी सुरक्षित.’

मावशीचंही हेच: “अगं, आपण कुठं लाकडं जाळतोय? करवंट्याच आहेत की.”

धूर नसतो, मान्य. म्हणून तर भीती जास्त. धूर झाला की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि माणूस उठून खिडकी उघडतो. फुललेल्या निखाऱ्यातून येतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा करवंटीचा असो नाहीतर बाभळीचा, हवा अपुरी पडली की तो अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. खालच्या निखाऱ्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल कोळशातून जाताना त्याचाही मोनॉक्साइड होतो. आणि झोपताना राख पसरून ‘मंद’ केलेली शेगडी हेच काम तासन्‌तास करत राहते. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. पण हे जाग्या माणसाला कळतं. झोपलेल्याला कळतच नाही, तो तसाच बेशुद्धीत जातो. तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, त्यामुळे त्याला हे विष आधी बाधतं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर जानेवारी 2020 आठवा. नेपाळमधल्या दामनला केरळचे पर्यटक एका रिसॉर्टमध्ये उतरले होते. थंडी होती म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला, दारं-खिडक्या आतून बंद केल्या. सकाळी आठ जण बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरनं काठमांडूला नेलं, तरी एकही वाचला नाही. त्यांत चार लहान मुलं होती. हीटर गॅसचा होता, म्हणजे धूर तिथंही नव्हता.

मेसेजमध्ये याच मुद्द्याखाली एक भावनिक ओळ आहे: ‘आपल्या आज्या काय वेड्या होत्या?’ नव्हत्या. शेक-शेगडीची पद्धत जुनी आहे आणि तिनं प्रत्येक घरात माणसं मारली असं मी म्हणत नाही. पण आजी राहायची माळवदाच्या घरात. छताला धूर जायला साणं, दाराला बोटभर फटी. शेक व्हायचा जागेपणी, कुणीतरी बाई शेजारी बसून, आणि ओव्याची धुरी झाली की शेगडी बाहेर जायची. तरीही तेव्हा किती बाळंतिणींचं डोकं ठणकलं आणि त्यावर दृष्ट काढली गेली, ते कुणी मोजलंय? हुरड्याची आगटी, रात्रपाळीनं पाणी देणाऱ्याची बांधावरची शेकोटी, खुशाल पेटवा. तिथं वर आभाळ आहे.

दुसरा उपाय म्हणे शेगडीशेजारी पाण्याचं पातेलं आणि तुळशीची कुंडी ठेवा, ‘विषारी वायू शोषला जातो’. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तुळशीला यात ओढू नका.

तिसरा: ‘हा वायू जड असतो, खाली बसतो, म्हणून पलंगावर झोपा.’ जड असतो तो सिलिंडरमधला गॅस. गळला तर तो जमिनीलगत साचतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलकाच, आणि तो खोलीभर मिसळतो. पलंगावरही, बाजेवरही.

चौथा उपाय, चार मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घाला, ‘खोली रातभर ऊबदार’. एका मेणबत्तीची उष्णता साधारण 80 वॅट, चारांची 320. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे 100 वॅट निघतात. म्हणजे तीन पाहुणे बोलावले तर तेवढीच ऊब, शिवाय गप्पा. कुंडी उष्णता तयार करत नाही, फक्त स्वतः तापते. आणि मेणबत्त्या जवळजवळ ठेवल्या की मेण तापून एकदम भडका उडू शकतो.

पाचवा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही: ‘थंडीत गॅस गोठतो, सिलिंडर उकळत्या पाण्यात ठेवा.’ ब्युटेनसुद्धा शून्याच्या आसपासच उकळतो, प्रोपेन तर उणे 42 अंशांना. सोलापुरात रात्री 12-13 अंश झाले की आपण कानटोपी शोधतो. इथं कुठला गॅस गोठतोय! ज्योत बारीक झाली तर सिलिंडर संपत आलाय किंवा बर्नर चोंदलाय. तापवलेल्या सिलिंडरमध्ये दाब वाढतो. गळतीचा वास आला तर 1906 वर फोन करा.

सहावा, रॉकेल नसेल तर स्टोव्हमध्ये ‘थोडं पेट्रोल चालतं’. नाही चालत. रॉकेल 35-40 अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेण्याइतकी जमत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांनाही जमते. पंपाच्या स्टोव्हमध्ये ते भरणं म्हणजे स्फोटाची तयारी. याच मुद्द्यात ‘घरच्या इन्व्हर्टरवर इंडक्शन शेगडी चालत नाही’ असं एक वाक्य आहे आणि ते बरोबर आहे. दोन हजार वॅटची शेगडी नऊशे व्हीएच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. पण गॅसच्या शेगडीला वीज लागतच नाही. काडी ओढा, चहा करा आणि बंद करा. खोली तापवायला ती रात्रभर पेटती ठेवू नका, एवढंच.

राहिली थंडी. चादरींच्या गावात हे सांगायचं म्हणजे कमालच, पण आपल्याकडच्या थंडीला दोन चादरी, टोपडं आणि मोजे पुरतात. बाळासाठी तर सर्वात चांगली ऊब म्हणजे उघड्या अंगानं आईच्या छातीशी धरणं आणि वरून पांघरूण. नवजात बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. गरम पाण्याची पिशवी मात्र बाळाच्या अंगाला लावू नका, कातडी भाजते.

सातवा उपाय सर्वात लबाड: ‘शंका आली तर ऑक्सिमीटर लावा. 95 च्या वर असेल तर निश्चिंत झोपा.’ कोविडपासून हे यंत्र घरोघरी आहे, म्हणून लोकांना पटतं. पण बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं आणि मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. दोन्ही त्याला सारखीच लाल दिसतात. माणूस गुदमरत असताना ते 98 दाखवू शकतं. शेगडी असलेल्या खोलीत एकाहून जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, कुणी हलवूनही उठेना, तर आकडा बघत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, 108 ला फोन करा आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा की खोलीत कोळशाची शेगडी होती. नाहीतर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतील, त्याच खोलीत.