मैदानातलं हँडबॉल राहिलंच की
ऑलिंपिकमधलं हँडबॉल १९७२ च्या म्युनिकपासून सुरू झालं असं तुमच्या हँडबॉलवरच्या लेखात लिहिलंय, पण १९३६ ला बर्लिनमध्ये झालंय की, उघड्या मैदानावर ११-११ जणांचं, जर्मनीनं ऑस्ट्रियाला हरवून गोल्ड घेतलेलं. म्युनिकला आलं ते हॉलमधलं ७ जणांचं, ते युगोस्लाव्हियानं जिंकलं. आणि रोमानियाचं नाव पण नाही राव! १९६१, ६४, ७०, ७४, चार वर्ल्ड चॅम्पियनशिप मारल्यात त्यांनी. आता डेन्मार्क २०१९ ते २०२५ सलग चार, पुरुषांमध्ये हे दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलसाठी जीव टाकणारी पोरं हायत, त्यांनी एकदा डेन्मार्कच्या गिडसेलची मॅच बघाच, बॉल घेऊन तीनच पावलं मिळतात तरी डिफेन्समधनं कसा घुसतोय, नाद खुळा!