शिष्यवृत्ती घेतली म्हणून सातबाऱ्यावर बोजा चढत नाही

गेल्या रविवारी ताईचा देवगडहून फोन आला. भाचीला सीईटीच्या पहिल्याच फेरीत बी.फार्मसीला जागा मिळाली होती, म्हणून मी आनंदाने फोन घेतला, तर ताईचा आवाज रडवेला. भावोजी शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला काढायला तयार नाहीत. गावच्या ग्रुपवर कुठला तरी मेसेज आलाय आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "जमनीर बोजो चडलो तर मुंबयच्या भावांका काय सांगू?"

ताईने तो मेसेज मला पाठवला. दोन दिवसांत तोच आणखी तिघांकडून आला. थोडक्यात मजकूर असा: शिष्यवृत्ती फक्त मागासवर्गीयांना असते, ओपनवाल्यांनी फॉर्मच्या नादी लागू नये. नावावर जमीन आणि आंब्याची कलमं असतील तर ती मिळत नाही, उलट दाखल्यामुळे बागेची नोंद होऊन कर लागतो. घेतलेले पैसे शिक्षण संपल्यावर व्याजासह फेडावे लागतात आणि तोवर सातबाऱ्यावर सरकारी बोजा राहतो. मुलींना तर सगळंच फुकट आहे, त्यांना अर्जाची गरज नाही. शेवटी एक लिंक, आणि "सर्व पालकांपर्यंत पोचवा".

मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासते. बारा वर्षं झाली. या मेसेजने किती घरांत अर्ज अडकून पडले असतील या विचाराने माझा जीव तुटतो, म्हणून लिहिते आहे.

आधी बोजाचंच बोलते, कारण सगळे त्यालाच घाबरलेत.

बोजा आपोआप चढत नाही. तुम्ही कर्ज काढता, जमीन तारण देता, मग बँक किंवा सोसायटीच्या कागदावरून तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, धरला जातो आणि तो मंजूर झाल्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा दिसतो. कोणाचा बोजा, किती रकमेचा, कुठल्या फेरफाराने, हे तिथेच लिहिलेलं असतं. ही पद्धत १९६६ च्या जमीन महसूल संहितेतली आहे. शिष्यवृत्तीत कर्ज नाही, तारण नाही, मग फेरफार कशाचा धरणार? बारा वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही अर्जात जमीन तारण लिहून द्यायचा रकाना मी पाहिलेला नाही. ज्यांना शिष्यवृत्तीमुळे बोजा चढल्याचं माहीत आहे, त्यांनी त्या सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक दाखवावा. सातबारा आता महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो.

कोकणात ही भीती लगेच घर करते, याचं कारण मला कळतं. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईला. आजोबांच्या नावावरची जमीन अजून वाटप न झालेली. गावात राहणाऱ्या भावाने काही केलं तर गणपतीला आलेले चुलते जाब विचारतात. भावोजींचा जीव त्यातच अडकलाय. अशा माणसाला 'बोजा' हा शब्द लिहून पाठवणाऱ्याने काय केलंय, याची त्याला कल्पना तरी आहे का?

व्याजाने फेडायची गोष्ट आली ती शैक्षणिक कर्जावरून. कर्ज फेडावं लागतं, हे खरं. मोठ्या कर्जाला बँका तारण मागतात, हेही खरं. पण कर्ज वेगळं आणि शिष्यवृत्ती वेगळी. शिवाय केंद्राने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तर कर्जालाही तारण किंवा जामीनदार लागत नाही. शिष्यवृत्तीची वसुली होते ती खोटी कागदपत्रं देऊन पैसे घेतल्याचं उघड झालं तर. भावोजींच्या घरात काही खोटं नाही.

"ओपनवाल्यांना काही नाही" हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या वर्गासाठीच आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी फी त्यातून भागते. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. ही माहिती एका मेसेजमध्ये सहज मावली असती.

आता कलमांचं. दाखल्यामुळे बागेची 'नोंद होते' म्हणणाऱ्याने सातबारा कधी उघडून पाहिलाय का? बागेची नोंद पीकपाहणीत आधीपासूनच आहे. आंब्याचा फळपीक विमा उतरवताना हाच सातबारा भावोजी स्वतःच्या हाताने देतात. आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. जमीन असली की शिष्यवृत्ती नाही, हे तर साफ उलटं आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीच आहे. तिथे थोडी जमीन असणं हाच पात्रतेचा पुरावा. एवढं मात्र मान्य करते, केंद्राच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्राला पाच एकर शेतजमिनीची अट आहे. कोणाला तरी त्या अटीवर ते नाकारलं गेलं असेल आणि गोष्ट फिरत फिरत शिष्यवृत्तीवर आली असेल. पण ते प्रमाणपत्र वेगळं आणि उत्पन्नाचा दाखला वेगळा.

मुलींना सगळं फुकट, अर्जाची गरज नाही, हा मुद्दा वरवर गोड आहे आणि म्हणूनच जास्त घातक. याला आधार आहे तो उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचा. मी त्याची छापील प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. त्यानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना मिळणारी ५० टक्के सवलत १०० टक्के झाली. त्यासाठी सरकारने ९०६ कोटींचा जादा खर्च मंजूर केला. खर्च म्हणून, उसने म्हणून नाही. पण अटी वाचा. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर एक पैसा नाही. माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे, खोलीभाडं, मेस, अनामत रक्कम यांना नाही. आणि अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर मुलीनेच भरायचा आहे, पुढच्या प्रत्येक वर्षी नूतनीकरणासह. कॉलेज तो तपासून पुढे पाठवतं, भरत नाही. "मुलींना फुकटच आहे ना" म्हणत अर्ज न भरलेल्या आणि मुदत गेल्यावर पूर्ण फीचा आकडा बघून गप्प उभ्या राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आयांचे चेहरे विसरता येत नाहीत.

पैसे उशिरा येतात, ही तक्रार मेसेजमध्ये नव्हती, पण ती खरी आहे आणि मी लपवणार नाही. हप्ता पुढच्या वर्षात जातो, बँक खात्याला आधार जोडलेलं नसलं तर अडकून बसतो. यावर ओरडायलाच हवं. पण उशिरा येतात म्हणून अर्जच करायचा नाही, हे कुठलं शहाणपण?

लिंकबद्दल एकच सांगते, ती उघडू नका. अर्ज महाडीबीटीवर किंवा केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही.

भावोजी हंगामात ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, आंबाही संपलेला, हातात दमडी नाही आणि नेमके तेव्हाच प्रवेश सुरू होतात. बारावीच्या निकालात कोकण बोर्ड वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, २०२५ ला ९६.७४ टक्के. ही मुलं अभ्यासात कमी पडत नाहीत. जुलैच्या त्या दोन-तीन आठवड्यांत कमी पडतात.

मंगळवारी संध्याकाळी मी भावोजींना त्यांच्याच सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना फोनवरून वाचून दाखवला. सोसायटीचं जुनं कर्ज, त्याचा फेरफार, फेडल्यावर बोजा कमी केल्याची नोंद. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री उशिरा त्यांनीच फोन केला आणि विचारलं, दाखल्याला रेशनकार्ड मूळ लागता की झेरॉक्स? मूळ न्या म्हटलं, सेतू केंद्रात तिथेच स्कॅन करून घेतात.