चंद्रावर जाताना काहीही मागे टाकू नका

२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं, असं सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलंय. म्हणजे तुमच्या कपाटात एखादा आराखडा असणारच. नसेल तर आज रात्री बसून करा. पथ्य एकच पाळायचं: अमेरिकेच्या अपोलो मोहिमांकडे बघायचं नाही. चंद्रावर कसं जाऊ नये याचा तो नमुना आहे. उतरण्याच्या पहिल्याच फेरीत, म्हणजे अपोलो-११ मध्ये, निघाले तिघे, त्यातल्या कॉलिन्सना खाली उतरूच दिलं नाही. उरलेल्या दोघांचा मुक्काम एकवीस तास छत्तीस मिनिटं, त्यात यानाबाहेर पाय मोकळे केले ते जेमतेम अडीच तास. याला काय प्रवास म्हणायचं?

त्यापेक्षा जाणत्यांकडे जा. पुढे नासासाठी अग्निबाण बांधणारे जर्मन अभियंते वर्नर फॉन ब्राउन यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये 'कॉलिअर्स' या अमेरिकी साप्ताहिकात चांद्रमोहीम मांडली, तिला म्हणतात आराखडा. पृथ्वीपासून सुमारे सतराशे किलोमीटरवर चाकाच्या आकाराचं स्थानक फिरणार, त्याच्या शेजारी तीन यानं तुकडा तुकडा जोडून उभी राहणार, प्रत्येक यान जवळपास ४९ मीटर उंच. प्रवासी पन्नास, मुक्काम सहा आठवडे, हिंडायला ट्रॅक्टर. हे चंद्रावर वऱ्हाड नेण्याचं काम होतं. जानवसा कुठे, सामान कशात, कोण कोणाबरोबर बसणार, सगळं ठरलं होतं. राहिला होता तो फक्त आहेर. मालवाहू यान तिथेच सोडून द्यायचं आणि त्याचं कोठार उभं चिरून राहायला निवारा करायचा, एवढी एकच काटकसर त्यात शिरली होती. तुम्ही तीही टाळा.

आणि वेळ बघा. तेव्हा पृथ्वीभोवती माणसाने सोडलेला एक चेंडूसुद्धा फिरत नव्हता, स्पुटनिकला अजून पाच वर्षं होती. आराखडा करायला याहून चांगला काळ नाही, कारण आडवं येणारं काहीच नसतं. शिवाय चेस्ली बोनस्टेल यांच्यासारखा चित्रकार गाठा. त्यांनी यानांची अशी चित्रं काढली की बघणाऱ्याला वाटावं, आता फक्त तिकीट काढायचं बाकी आहे.

लंडनच्या ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीचा १९३९ चा आराखडा मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. माणसं फक्त तीन घेतली, तिथेच त्यांचा दर्जा कळला. बाकी कल्पना झकास होत्या: घन इंधनाचे दोन हजारांवर लहान अग्निबाण मधाच्या पोळ्यासारखे रचायचे, जळले की एकेक टाकून द्यायचे, आणि प्रवासी तरंगू नयेत म्हणून अख्खं यान गरगर फिरवायचं. फिरत्या यानातून बाहेरचं आकाश स्थिर दिसावं यासाठी आरशांचं एक यंत्रही होतं. खिशाला परवडलं ते तेवढंच, म्हणून तेवढं त्यांनी खरोखर बनवलं.

लष्कर हाताशी असेल तर काम सोपं होतं. १९५९ च्या 'प्रोजेक्ट होरायझन'मध्ये अमेरिकी लष्कराने १९६६ च्या अखेरीपर्यंत चंद्रावर बारा जवानांची चौकी बसवायचं ठरवलं. सॅटर्न अग्निबाणांची उड्डाणं १४९, खर्च सहा अब्ज डॉलर. हवेत तीर मारायचा तर १५० म्हणायचं नाही, १४९ म्हणायचं. समिती लगेच गप्प होते. वायुदल मागे कसं राहील? त्यांनी १९६१ मध्ये 'लुनेक्स' काढलं: एकवीस माणसं, जमिनीखाली तळ, साल १९६८, खर्च साडेसात अब्ज. प्रत्यक्षात एकट्या अपोलोने सुमारे पंचवीस अब्ज खाल्ले. पण लष्कराला श्रेय द्यायलाच हवं. बारा माणसं म्हणाले होते, आणि चंद्रावर आजवर चाललेली माणसं बरोबर बाराच आहेत. फक्त ती एकदम गेली नाहीत आणि कोणी तिथे राहिलं नाही, हा तपशिलाचा भाग झाला.

परतीचा प्रश्न तुम्हाला फारच छळत असेल तर तो काढूनच टाका. १९६२ मध्ये बेल एरोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीच्या दोन अभियंत्यांनी हेच सुचवलं. एक माणूस आत्ता चंद्रावर पाठवायचा, त्याला मागून रसद पाठवत राहायचं, आणि त्याला परत कसं आणायचं ते तोवर शोधून काढायचं. हे विनोद म्हणून लिहिलेलं नव्हतं. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या वाचकाला त्यात वावगं काही दिसणारही नाही.

आता मुख्य मुद्दा: जायचं कसं. सरळ जायचं. मे १९६१ मध्ये केनेडींनी दशक संपायच्या आत माणूस उतरवू असं जाहीर केलं, तेव्हा अमेरिकेच्या पदरी माणसासह अंतराळउड्डाणाचा अनुभव पंधरा मिनिटांचा होता. तरी मार्ग कोणता याबद्दल मोठ्यांच्या मनात फारसा गोंधळ नव्हता. नोव्हा नावाचा राक्षसी अग्निबाण बांधायचा, अख्खं यान चंद्रावर उभं करायचं आणि तेच उचलून परत आणायचं. त्या उंच मनोऱ्याच्या टोकाला उताणे पडलेले अंतराळवीर खालची जमीन बघणार कशी, असं विचारणारे निघालेच. अशांना पुढच्या बैठकीचं बोलावणं पाठवू नये. नोव्हा परवडत नसेल तर दोन अग्निबाण सोडून पृथ्वीच्या कक्षेतच जोडणी करावी, हा फॉन ब्राउन यांच्या मंडळींचा आवडता मार्ग. घराजवळ बिघडलं तर परत तरी येता येतं.

आणि मग जॉन हूबोल्ट उपटले. नासाच्या लँग्ली केंद्रातले अभियंते. त्यांचं म्हणणं, मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवा, खाली एक लहानशी होडकी पाठवा, वर आल्यावर तीही फेकून द्या. बैठकीत नासाचेच यानरचनाकार मॅक्स फॅजे यांनी त्यांचे आकडे खोटे ठरवले, तिथे हा विषय संपायला हवा होता. पण या गृहस्थांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वरिष्ठांची सगळी उतरंड ओलांडून थेट नासाचे रॉबर्ट सीमन्स यांना पत्र लिहिलं आणि विचारलं, आपल्याला चंद्रावर जायचंय की नाही? आराखड्याच्या कामात इतका असभ्य प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. विरोध करणारे मूर्ख नव्हते, हेही सांगून ठेवतो. तोवर दोन यानं अंतराळात एकमेकांजवळ आणणंसुद्धा कुणाला जमलं नव्हतं. ते जमलं डिसेंबर १९६५ मध्ये, जेमिनी या अमेरिकी यानांच्या वेळी. आणि हूबोल्ट ती भेट पावणेचार लाख किलोमीटर दूर घडवायला निघाले होते. चुकली तर दोन माणसं चंद्राभोवती कायमची.

जून १९६२ मध्ये खुद्द फॉन ब्राउन हूबोल्टच्या बाजूने उभे राहिले. त्यांचीच माणसं थक्क झाली. दहा वर्षांपूर्वी पन्नास जणांचा बेत आखणारा माणूस आता दोघांच्या होडकीवर खूश! जुलैत नासाने हूबोल्टच्याच मार्गाने जायचा निर्णय जाहीर केला. तरी सप्टेंबरमध्ये केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम वीझनर यांनी हंट्सव्हिलला, फॉन ब्राउन यांच्या केंद्रात, पत्रकार ऐकत असताना अध्यक्षांच्या समोर हे चूक आहे असं सांगून वाद घातला. निर्णय झाल्यावर भांडायचं असतं ते असं. रशियात कोरोल्योव्ह आणि ग्लुश्को हे दोन बडे अग्निबाण-अभियंते इंधन कोणतं वापरायचं यावरून आधीच भांडून बसले. त्यांच्या एन-१ अग्निबाणाची चार उड्डाणं झाली आणि चारही फसली.

त्या होडकीचे हाल काय सांगावेत. वजन उतरवण्याच्या नादात खुर्च्या काढल्या, कारण उभं राहिलं की डोळे काचेजवळ येतात आणि मोठ्या खिडकीऐवजी तिकोनी फट पुरते. म्हणजे मानवजात चंद्रावर उभ्याने गेली, लोकलने गेल्यासारखी नसली तरी बसायला जागा नव्हतीच. भिंतीचा पत्रा काही ठिकाणी ०.३ मिलिमीटर. खाली उतरायला आधी गाठी मारलेला दोर पुरेसा वाटला होता. माणसं लटकवून पाहिल्यावर शिडी आली. दार आधी गोल होतं, त्यातून पाठीवरचं ओझं जाईना म्हणून चौकोनी केलं. उडालं ते ११० मीटर उंच, समुद्रात परत पडलं ते साडेतीन मीटरचं शंकूसारखं डबडं. बाकी सगळं वाटेत टाकत आले. आपल्या घरात असा माणूस असता तर त्याला बाजाराला पाठवलं नसतं.

काळज्याही योग्य जागी करायला शिका. खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्ये चंद्रावर खोल धूळ असल्याची शंका काढली, आणि यान तिच्यात बुडणार की काय ही धास्ती जून १९६६ मध्ये सर्व्हेयर-१ हे बिनमाणसांचं यान अलगद उतरेपर्यंत पुरली. पाय बुडाले ते काही सेंटिमीटर. खरा ताप वेगळाच निघाला: धूळ पोशाखाला चिकटली, सांध्यांत घुसली, आत येऊन जळक्या बंदुकीच्या दारूसारखी वास मारू लागली. अपोलो-११ च्या दोघांची वर फिरणाऱ्या यानाकडे निघायची वेळ आली तर वर जाणाऱ्या इंजिनाच्या बटणाचं टोक मोडलेलं. त्यांतल्या ऑल्ड्रिन यांनी तिथे पेन खुपसलं. १४९ उड्डाणांच्या हिशेबात पेन कुणी धरलं नव्हतं.

परत आल्यावर तर शोभाच. तिघांना जंतूंच्या भीतीने बंद गाडीत ठेवलं, अध्यक्ष निक्सन खिडकीबाहेरून बोलले. सीमाशुल्काच्या अर्जात 'चंद्रावरचे दगड आणि धुळीचे नमुने' आणल्याची नोंद करून तिघांच्या सह्या झाल्या. ऑल्ड्रिन यांचा प्रवासभत्ता निघाला ३३ डॉलर ३१ सेंट.

एक गोष्ट मात्र कुठल्याच भव्य आराखड्याने नीट धरली नव्हती: हे सगळं लोक घरबसल्या बघतील. आपण सोडून. २१ जुलै १९६९ च्या सकाळी साडेआठच्या सुमारास आर्मस्ट्राँग यांनी पाऊल टाकलं, तेव्हा महाराष्ट्रात टीव्ही नव्हता. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यानंतर उरली होती एकच मोहीम, डिसेंबरमधली अपोलो-१७. बारा जणांतला एकमेव शास्त्रज्ञ, भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट, तोही त्याच शेवटच्या फेरीत गेला. पुढच्या तीन फेऱ्या १९७० मध्येच रद्द झाल्या होत्या. सहा मोहिमांचा चंद्रावरचा मुक्काम जोडा, साडेबारा दिवस होतात.

हूबोल्टचा रोग दुर्दैवाने इस्रोलाही लागलाय. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी दोन लहान उपग्रह कक्षेत जोडून दाखवले, आणि चंद्रावरची माती आणणाऱ्या चांद्रयान-४ चा बेतही याच जोडाजोडीवर उभा आहे. तुम्ही धीर सोडू नका. अमेरिकेने २०१९ मध्ये २०२४ पर्यंत पुन्हा माणूस उतरवू असं सांगितलं, २०२४ आलं आणि गेलं. पण २०२१ मध्ये त्यांनी त्यासाठी निवडलेलं स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप यान सुमारे ५० मीटर उंच आहे, त्याला पृथ्वीच्या कक्षेत फेऱ्यांमागून फेऱ्या करून इंधन भरावं लागणार आहे, आणि वरच्या मजल्यावरून चंद्रावर उतरायला लिफ्ट आहे. १९५२ च्या चित्रांची घडी मोडा, रंगही बदलायला नको. सामानात गाठी मारलेला एक दोर तेवढा असू द्या, लिफ्ट बंद पडली तर.