दोन शिफ्टांच्या मधले तास

कामाचे तास हा विषय गेली काही वर्षं पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींच्या बोलण्यातून हटत नाही. २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं आणि हिंजवडीत काम करणारे सगळे पेटले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांमधला कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांवर न्यायला मान्यता दिली, तेव्हा पुन्हा तोच वाद. या सगळ्यात एक माणूस मला कुठेच दिसत नाही. रात्री बारा वाजता लग्नाचं बँक्वेट आवरून सकाळी सातला ब्रेकफास्टला इस्त्रीच्या कपड्यांत हसत उभा राहणारा स्टुअर्ड, म्हणजे हॉटेलातला वेटर.

मी हॉटेल मॅनेजमेंट पुण्यात शिकले, पहिल्या नोकऱ्या तिथेच केल्या, आता म्युनिकमध्ये एका हॉटेलात आहे. आपल्याकडची ब्रेक शिफ्ट मला चांगली माहीत आहे. अकरा ते तीन, मग सात ते अकरा. मधले चार तास कागदावर आपले असतात. पण हॉटेल कोरेगाव पार्कात आणि खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला वारज्यात असली की ते लॉकर रूममध्ये बसूनच जातात. हजेरीत आठ तास लागतात, आयुष्यातले बारा जातात.

मग मॅनेजर म्हणतात, पोरं मन लावून काम करत नाहीत, टिकत नाहीत. त्यावर उपाय म्हणून ट्रेनिंग आणि महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा फोटो. विल्यम कान या अभ्यासकाने १९९० मध्येच मांडलं होतं की माणूस कामात स्वतःला ओततो, त्यासाठी तीन गोष्टी लागतात: कामाला अर्थ, मनाला सुरक्षितता आणि ओतायला अंगात काही शिल्लक असणं. पहिली गोष्ट पुण्यातल्या पोरांकडे भरपूर असते. पाहुण्याचं मनापासून करणं त्यांना शिकवावं लागत नाही. संपते ती तिसरी.

जर्मनीत दोन शिफ्टांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती कायद्यानेच द्यावी लागते. हॉटेलांना त्यातला एक तास कमी करायची मुभा आहे, पण महिन्याभरात दुसऱ्या एखाद्या दिवशी किमान १२ तास विश्रांती देऊन तो भरून काढावा लागतो. म्हणून इथे रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, लावणारा आधी झोपेचा हिशेब करतो. सगळं गोड आहे असं मुळीच नाही. माणसं कमी असल्याने प्रत्येकावर खोल्यांचा भार जास्त पडतो, पगाराचा मोठा घास घरभाडं घेतं, आणि कामाच्या तासांची दिवसाची कमाल मर्यादा काढून आठवड्याची ठेवा, ही मागणी इथल्या हॉटेलमालकांची संघटना जोरात करते आहे. पुण्यात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आपल्या डब्यातला घास काढून द्यायचा. तो जिव्हाळा मला इथे मिळालेला नाही.

तरीही विश्रांतीला जिव्हाळा हा पर्याय नाही. लग्नसराईत माणसं कुठून आणायची, हा पुण्यातल्या हॉटेलवाल्यांचा प्रश्न खरा आहे. पण रात्री बँक्वेट करणाऱ्याला सकाळचा ब्रेकफास्ट लावायचा नाही, रोस्टर निदान पंधरा दिवस आधी लावायचं, आणि रात्री उशिरा सुटणाऱ्या प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, घरापर्यंत गाडी द्यायची, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्याचा खर्च बँक्वेटच्या दरात धरा.