नाकावर टिच्चून

"खपली आली की घेऊन या," असं सांगून डॉक्टरांनी बोका परत पाठवला. खपली नव्हती, कारण ती सकाळी मीच काढली होती. चारचौघांत नेण्याआधी पोराचं तोंड पुसतात, तसं. अर्धा लिटर पाणी उकळून गार केलं, त्यात चहाचा सपाट चमचा भरायला जरा कमी पडेल इतकं मीठ टाकलं, गॉज भिजवून पिळला आणि नाकावर दोन-तीन मिनिटं नुसता टेकवून धरला. कापूस मुद्दाम घेतला नाही, त्याचे तंतू जखमेत अडकतात. खपली ओढली नाही, ओढली की खालचं कोवळं कातडं सोलवटतं. ती आपणहून सुटून गॉजला चिकटून आली. सगळं बरोबर केलं, फक्त दिवस चुकला.

खपली म्हणजे पुरावा. ती अलगद उचलून खालच्या ओलाव्यावर काचपट्टी दाबतात, रंगवतात, सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी दिसली तर संशय ॲलर्जीवर. जिवाणू आणि पू दिसला तर संसर्ग, पण तो बहुतेक वेळा मागाहून घुसलेला, मूळ गुन्हेगार वेगळाच. एकमेकींचा हात सोडून गोल झालेल्या पेशी दिसल्या तर पेम्फिगसची शंका, म्हणजे शरीर स्वतःच्याच कातडीवर उठलेलं. त्यात तर तुकडा काढून तपासायचा झाला तरी खपलीसकट काढतात. आणि मी घटनास्थळ धुऊन-पुसून, फरशी लख्ख करून मग पोलिसांना बोलावलं होतं.

हे झालं आतलं. खरा अपमान बाहेरच्या बाकावर झाला.

शेजारी एक काका होते. मांडीवर झाकणाची टोपली, वर घडी घातलेला टॉवेल. त्यांनी माझ्या पिंजऱ्यात वाकून पाहिलं.

"नाकाला काय झालं?"

"तेच विचारायला आलोय."

"मारलंत का?"

"नाही हो."

"नाही, काही लोक मारतात." हे त्यांनी मला नाही, अख्ख्या बाकाला सांगितलं. बाकाने माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्या कुत्र्यानेही पाहिलं.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "तुमच्या मांजराला काय झालंय?"

"तिला? काही नाही. ती घरी आहे."

"मग टोपलीत?"

"टोपली रिकामी आहे. सकाळी कपाटावर चढून बसली, खाली येईना. नंबर लावलेला होता. वाया कशाला घालवायचा?"

यावर काय बोलणार! मी गप्प बसलो, ते बसले नाहीत. "नाक ओलं आहे ना? मग काळजी नाही." हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. झोपून उठलेल्या, उन्हात लोळलेल्या धडधाकट मांजराचं नाक कोरडं असतं आणि तापलेल्या मांजराचं ओलं असू शकतं. काकांना ते पटलं नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक ट्यूब काढली, शेपटीपासून गुंडाळत आणलेली, अर्धी संपलेली. "हे लावा. माझ्या घोट्याला दोन दिवसांत फरक."

ट्यूब स्टेरॉइडची होती. नाकावरची जखम बुरशीची किंवा हर्पीस विषाणूची असेल, तर स्टेरॉइडने आधी लाली उतरते, आपण खूश होतो आणि आत रोग पसरतो. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, "माणसाला चालतं, मग मांजराला का नाही?"

कारण मांजर चाटतं, काका. नाकाला लावलेलं मलम चार सेकंदांत जिभेवर असतं. मांजराच्या नाकाला 'वरून लावायचं औषध' बरंचसं पोटातच जातं. झिंक ऑक्साइडचं मलम, टी ट्री तेल, बधिर करणारी बेंझोकेनची जेल यांतलं काहीही मांजराला विषारी ठरू शकतं. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन तर कातडीला लागलं तरी मांजराला झटके येतात. पॅरासिटामॉलची आख्खी गोळी जीव घेऊ शकते, कारण ती निकामी करायची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. हे सगळं मी मनातल्या मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, "बघतो."

"भांडणातच झालं असणार," काकांनी निकाल दिला आणि ट्यूब खिशात ठेवली.

असेलही. पण आमचे हे महाशय नाकावर माशी बसू देत नाहीत, डास मात्र खुशाल बसतो. नाकाचा वरचा भाग आणि कान, जिथे केस विरळ तिथे. काही मांजरांना या चाव्याचीच ॲलर्जी असते: पुरळ, फोड, मग खपल्या. औषधापेक्षा खिडकीची जाळी जास्त उपयोगी, डास नसलेल्या खोलीत काही दिवस ठेवलं की फरक दिसू लागतो. खरूज असेल तर ती सहसा कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडाकडे येते. हर्पीस एकदा शिरला की बहुधा जन्माचा भाडेकरू, घर बदललं, नवं मांजर आलं की डोकं वर काढतो, बरोबर शिंका आणि वाहते डोळे. नारिंगी मांजरांच्या नाकावर सपाट काळे ठिपके येतात, त्याने घाबरायचं नाही. घाबरायचं ते पांढऱ्या नाकाच्या मांजराच्या न भरणाऱ्या जखमेला. खपली येते, जाते, पुन्हा येते, कडा कुरतडल्यासारख्या होतात. तो उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग असू शकतो. लवकर सापडला तर उपाय आहेत, आणि तो हमखास उशिरा सापडतो, कारण मधले महिने कोणाच्या तरी घोट्याच्या ट्यूबवर गेलेले असतात. इथे मला हसू येत नाही.

डॉक्टरांनी खोलीत अंधार करून वूडचा दिवा मारला, म्हणजे अतिनील प्रकाश, त्यात काही बुरश्या चमकतात. काही चमकलं नाही. म्हणजे बुरशी नाहीच असं नाही, सगळ्या जाती चमकत नाहीत, आणि काही मलमं मात्र चमकतात. म्हणून टूथब्रशने केस झाडून कल्चरला, म्हणजे बुरशी उगवते का ते पाहायला, दिले, त्याला दोन-तीन आठवडे. तोवर बोक्याला हाताळलं की हात धुवायचे, ही बुरशी माणसालाही धरते.

आणि गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. मापाचं सांगतो: मानेशी दोन बोटं जावीत आणि कड नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटिमीटर यावी. मागच्या पायाचं खाजवणं त्याने थांबतं. पण जीभ आणि नाक दोघंही भोंग्याच्या आतच! चाटणं चालू, फक्त आता आवाज घुमतो. म्हणून मागची नखंही कापली, दोन पायांची मिळून आठ, पांढरं टोक तेवढंच, आतल्या गुलाबी शिरेच्या अलीकडे. आठ नखांना तीन दिवस लागले. 'नाक दाबलं की तोंड उघडतं' ही म्हण काढणाऱ्याने मांजर पाळलेलं नव्हतं, नाहीतर गोळी देताना त्याचाच हात सापडला असता.

मला आत पाच मिनिटं मिळाली होती. माझ्यानंतर काका टोपली घेऊन गेले, ते पंधरा मिनिटांनी समाधानाने बाहेर आले.

काल रात्री खपली आली. तिळाएवढी, तांबूस, कडेला पिवळसर. आज सकाळी ती भोंग्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली सापडली. चिमट्याने उचलून कोरड्या डबीत ठेवली आहे, वर तारीख घातली आहे. अकराचा नंबर आहे. बोका कपाटावर आहे.