शाळा बघितलीय का एकदा तरी?

दिवाळीला कोथरूडचे पाहुणे आले की सुरूच, पोरीला पुण्यात टाका, भोरकडच्या त्या खेड्यातल्या हायस्कूलात काय ठेवलंय! अहो, शाळा बघितलीय का कधी? नववीच्या वर्गात एकवीस पोरं, बाई एकेकाची वही बघतात, लाल पेनानं समासात लिहितात, "पायरी खाल्लीस, परत कर". पोरीलाच विचारा ना, ती सांगेल प्रयोगशाळेच्या कपाटाला कायम कुलूप असतं आणि गणिताचे सर इलेक्शन ड्युटीला गेले की तास बुडतात. (शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत म्हणणाऱ्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच निवडणुकीच्या कामाची सूट आहे, कलम २७!) त्यावर बोला की! आणि पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, शिक्षकाचं पद जातं, तुमचं ऐकून चार जणांनी पोरं काढली तर मागं राहिलेल्यांना शिकवणार कोण?